नाटक कंपनीचा हिशोब ठेवणाऱ्या ब्रॅम स्टोकरने असा किल्ला लिहिला, की लोक आजही त्यात गेम खेळायला घुसतात

१९८३ साली अमेरिकेत एक ३२ पानांची पुस्तिका बाजारात आली. नाव होतं रेवनलॉफ्ट. लिहिणारं जोडपं होतं ट्रेसी आणि लॉरा हिकमन. ही कादंबरी नव्हती आणि कॉमिक्सही नव्हतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाच्या गेममध्ये खेळायचं ते एक साहस होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, यात कॉम्प्युटर लागत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. समोर काय आहे ते मास्टर सांगतो, आपण काय करणार ते खेळाडू सांगतात आणि जमलं की फसलं हे फासे टाकून ठरतं. सापशिडीसारखा इथे कुणी एकटा जिंकत नाही. सगळे मिळून वाचतात, नाहीतर सगळे मिळून मरतात.

रेवनलॉफ्टमधली गोष्ट अशी, की धुक्याने वेढलेलं बारोव्हिया नावाचं एक गाव आहे. एकदा आत आलं की बाहेर पडता येत नाही. वर कड्यावर किल्ला आहे आणि त्याचा मालक आहे काउंट स्ट्राड फॉन झारोविच. हा काउंट व्हॅम्पायर आहे आणि गावातल्या एका तरुणीवर त्याचा डोळा आहे.

धुकं, कडा, किल्ला, काउंट आणि रक्त. एवढं ऐकल्यावर कुणालाही ड्रॅक्युला आठवणार.

ड्रॅक्युला सगळ्यांना माहीत आहे, पण तो लिहिणारा माणूस हयात असताना लोक त्याला वेगळ्याच कारणासाठी ओळखायचे. लंडनमधल्या सगळ्यात मोठ्या नटाचा मॅनेजर, हीच त्याची ओळख होती. त्याचं नाव ब्रॅम स्टोकर.

स्टोकरचा जन्म ८ नोव्हेंबर १८४७ चा. गाव डब्लिनजवळचं क्लॉनटार्फ. आयर्लंडच्या इतिहासात हे साल काळं म्हणूनच ओळखलं जातं. बटाट्याचं पीक कुजलं होतं आणि दुष्काळाने देश पोखरला होता. स्टोकरचं घर मात्र मध्यमवर्गीय होतं. वडील अब्राहम डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या कचेरीत नोकरीला होते. सात भावंडांत ब्रॅम तिसरा.

हा मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत अंथरुणावरच होता. आजार काय होता हे शेवटपर्यंत कुणालाही नीट कळलं नाही. पडल्या पडल्या करायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे आईच्या गोष्टी ऐकणं.

आई शार्लोट मूळची स्लायगोची. १८३२ मध्ये या गावात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ती लहान होती. डोळ्यांदेखत गाव रिकामं झालं होतं. रस्त्याकडेला पडलेल्या एका आजारी वाटसरूला लोकांनी लांब काठ्यांनी खड्ड्यात ढकललं आणि जिवंतपणीच पुरलं, अशा आठवणी ती सांगायची. पुढे मुलाच्या सांगण्यावरून तिने त्या लिहूनही काढल्या.

मेलेला माणूस खरंच मेलाय का, हा प्रश्न त्या घरात असा लहानपणीच येऊन बसला होता.

सातव्या वर्षानंतर मात्र ब्रॅम उभा राहिला आणि असा वाढला की ओळखू येऊ नये. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये तो नावाजलेला खेळाडू झाला. उंच, धिप्पाड, लाल दाढीवाला. वक्तृत्वातही तो पुढे होता आणि कॉलेजच्या दोन्ही मोठ्या वादसभांची प्रमुख पदं त्याने भूषवली.

शिक्षण झाल्यावर तो वडिलांच्याच वाटेने सरकारी नोकरीत शिरला. कनिष्ठ न्यायालयांच्या कारभाराची तपासणी करत आयर्लंडभर फिरायचं, हे त्याचं काम. या अनुभवातून त्याने जे पहिलं मोठं पुस्तक लिहिलं ते १८७९ मध्ये छापून आलं. विषय होता आयर्लंडमधल्या कोर्टातल्या कारकुनांची कर्तव्यं. अर्ज कसे नोंदवायचे, दंडाचा हिशोब कसा ठेवायचा, फाइल कशी लावायची, असला सगळा मामला.

वाचायला कंटाळवाणं वाटेल, पण ड्रॅक्युलाचं बी इथेही आहे. ते कसं, हे पुढे येईलच.

नोकरीत असताना त्याला नाटकांचं वेड होतं. डब्लिनच्या ईव्हनिंग मेल या पेपरात तो नाट्यसमीक्षा लिहायला लागला, तीही फुकट. या पेपरच्या मालकांपैकी एक होता शेरिडन ले फानू. त्याने १८७२ मध्ये कार्मिला नावाची व्हॅम्पायर बाईची कथा प्रसिद्ध केली होती. पडके किल्ले, तळघरं, जुने शाप आणि बंद दारांमागची भीती या सगळ्या प्रकाराला गॉथिक म्हणतात. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलच्या द कॅसल ऑफ ओट्रँटो या कादंबरीपासून ही परंपरा सुरू झाली असं मानतात. स्टोकर त्याच परंपरेच्या वाचनावर वाढला होता.

स्टोकरचा आणखी एक स्वभाव होता. आवडलेल्या माणसापुढे तो स्वतःला पूर्ण ओतायचा. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनला त्याने १८७२ मध्ये एक लांबलचक, मन मोकळं करणारं पत्र लिहिलं आणि लाजून ते चार वर्षं तसंच ठेवून दिलं. शेवटी १८७६ मध्ये पोस्टात टाकलं. व्हिटमनचं आपुलकीचं उत्तर आलं आणि पुढे दोघांची भेटही झाली.

त्याच १८७६ च्या डिसेंबरमध्ये त्याचं आयुष्य बदलणारा माणूस डब्लिनला आला. तो होता हेन्री आयर्विंग.

आयर्विंग म्हणजे त्या काळच्या इंग्लिश रंगभूमीचा सगळ्यात चर्चेतला नट. स्टोकरने त्याच्या हॅम्लेटवर भरभरून लिहिलं. आयर्विंगने खूश होऊन त्याला जेवायला बोलावलं. जेवणानंतर त्याने एका खुनी शिक्षकावरची कविता अशी काही म्हणून दाखवली, की धिप्पाड स्टोकरचा बांध फुटला आणि त्याला हुंदके आवरेनात. त्या रात्री दोघांची मैत्री जुळली.

दोन वर्षांनी आयर्विंगने लंडनचं लायसियम थिएटर ताब्यात घेतलं आणि स्टोकरला मॅनेजर म्हणून बोलावलं. पेन्शनची सरकारी नोकरी सोडून स्टोकर निघाला. त्याच डिसेंबरात, म्हणजे १८७८ मध्ये, त्याने फ्लॉरेन्स बॅलकॉम्ब हिच्याशी लग्न केलं. याच फ्लॉरेन्सच्या मागे आधी ऑस्कर वाइल्ड होता. हनिमून वगैरे बाजूला ठेवून नवरा-बायको थेट आयर्विंगच्या कामाला जाऊन भिडले. वर्षभराने मुलगा झाला. त्याचं पहिलं नावही आयर्विंगच ठेवलं.

यानंतरची २७ वर्षं स्टोकर आयर्विंगचा सावलीसारखा सोबती होता.

तिकिटांचा गल्ला, पगार, जाहिराती, पाहुण्यांची बडदास्त, सगळं तोच बघायचा. आयर्विंगच्या नावाने येणाऱ्या पत्रांना रोज ढिगाने उत्तरं लिहायचा. कंपनी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली की नट, कामगार आणि सामानाचा डोंगर, कोणत्या गाडीने कुठे, किती वाजता पोहोचणार याचं गणित त्याच्या डोक्यात असायचं. पडदा पडल्यावर आयर्विंगच्या मेजवान्या पहाटेपर्यंत चालायच्या आणि तिथेही तो लागायचाच. घरी बायको-मुलाच्या वाट्याला काय उरत असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्याच्या अंगात धाडस नव्हतं असं नाही. १८८२ मध्ये थेम्स नदीत बोटीवरून उडी मारलेल्या एका माणसाला वाचवायला तो कपड्यांसकट पाण्यात उतरला. माणूस वाचला नाही, पण स्टोकरला त्याबद्दल पदक मिळालं. याच धबडग्यात १८९० मध्ये तो वकिलीची सनदही घेऊन बसला.

आयर्विंगच्या जेवणाच्या टेबलावर जगभरची माणसं यायची. त्यातला एक होता रिचर्ड बर्टन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात नोकरी केलेला हा अधिकारी. त्याने आपल्याकडच्या वेताळ पंचविशीच्या गोष्टी १८७० मध्ये इंग्रजीत आणल्या होत्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळासाठी शब्द वापरला होता व्हॅम्पायर. बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जायचा आणि सुळा चमकायचा, ही गोष्ट स्टोकरच्या डोक्यात इतकी बसली की त्याने ती आपल्या आठवणींत लिहून ठेवली.

मार्च १८९० पासून त्याने एका व्हॅम्पायर कादंबरीच्या नोंदी काढायला सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर व्हिटबी या गावी सुट्टीवर गेला. टेकडीवर मठाचे अवशेष, शेजारी चर्च आणि स्मशान, तिथे जायला १९९ पायऱ्या आणि खाली बंदर. स्टोकर सुट्टीतही कारकुनाच्या शिस्तीने नोंदी करत राहिला. थडग्यांवरची नावं उतरवून घेतली. कोळ्यांची बोली टिपली. पाच वर्षांपूर्वी, १८८५ मध्ये, दिमित्री नावाचं रशियन जहाज तिथे वाळूत रुतलं होतं, त्याची माहिती काढली. कादंबरीत याच जहाजाचं डेमेटर झालं.

गावातल्या लायब्ररीत त्याला विल्यम विल्किन्सनचं १८२० चं एक पुस्तक सापडलं. त्यात ड्रॅक्युला हे नाव होतं आणि वालाकियाच्या भाषेत त्याचा अर्थ सैतान, अशी तळटीप होती. तोवर त्याच्या काउंटचं नाव होतं वॅम्पिर. स्टोकरने ते खोडून ड्रॅक्युला लिहिलं.

व्लाद नावाच्या क्रूर राजाचा अभ्यास करून ड्रॅक्युला लिहिला, असं आज सगळीकडे सांगितलं जातं. स्टोकरच्या नोंदींमध्ये मात्र त्या राजाबद्दल फारसं काही नाही. व्लादचा हा गाजावाजा मुख्यतः १९७० च्या दशकातल्या एका पुस्तकापासून झाला. स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला एकदाही गेला नव्हता. त्याने तो सगळा प्रदेश नकाशे, प्रवासवर्णनं आणि रेल्वेच्या वेळापत्रकांवरून उभा केला.

नाटकाच्या दौऱ्यांमधून सवड काढत त्याने ही कादंबरी लिहायला सात वर्षं घेतली आणि २६ मे १८९७ रोजी ती आली. नाव ऐनवेळेपर्यंत वेगळं होतं.

आता त्या कारकुनी पुस्तकाकडे परत येऊ. ड्रॅक्युला ही सरळ सांगितलेली गोष्ट नाही. ती डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरची कात्रणं आणि फोनोग्राफवरचं रेकॉर्डिंग यांची फाइल आहे. काउंटशी लढणारी माणसं कोण आहेत ते बघा. एक वकील, एक डॉक्टर, एक डच प्रोफेसर, एक श्रीमंत लॉर्ड, एक बंदूकवाला अमेरिकन आणि वकिलाची बायको मीना. प्रत्येकाकडे गोष्टीचा एकच तुकडा असतो. मीना हे सगळे तुकडे टाइप करून तारखेनुसार लावते, तेव्हा कुठे त्यांना शत्रू कळतो. तिला गाड्यांची वेळापत्रकंही पाठ असतात.

ड्रॅक्युलाकडे शेकडो वर्षांची ताकद असते. समोरच्यांकडे असते व्यवस्थित लावलेली फाइल आणि एकमेकांची साथ. भुताला कागदपत्रांनी हरवायचं हे सुचायला आयुष्यभर कागदपत्रं सांभाळलेला माणूसच लागतो.

त्याने भुताला नियमही घालून दिले. काउंटला बोलावल्याशिवाय घरात शिरता येत नाही. आरशात तो दिसत नाही. झोपायला मायदेशाची माती लागते. लसूण आणि क्रॉसपुढे तो मागे सरतो. काही नियम लोककथांतून घेतलेले, काही स्टोकरचे स्वतःचे. नियम आहेत म्हटल्यावर डाव मांडता येतो, आणि ८६ वर्षांनी रेवनलॉफ्टच्या टेबलावर नेमकं हेच झालं.

पण स्टोकरला स्वतःला काय मिळालं?

कादंबरी छापून येण्याआधी आठ दिवस, नाट्यरूपाचे हक्क कायद्याने आपल्याकडे राहावेत म्हणून, त्याने लायसियममध्ये तिचं जाहीर वाचन लावलं. चार तासांहून जास्त चाललं. काउंटची भूमिका आयर्विंगने करावी अशी त्याची इच्छा होती, असं अनेक अभ्यासक मानतात. काउंटची ऐट, त्याची जरब आणि माणसं शोषून घेण्याची त्याची ताकद यात आयर्विंग दिसतो, असंही बरेच जण म्हणतात. आयर्विंगने ती भूमिका कधीच केली नाही.

पुस्तकाची परीक्षणं बरी आली, पण त्या पैशावर नोकरी सोडावी असं काही घडलं नाही. १८९८ मध्ये लायसियमचं गोदाम जळालं आणि कितीतरी नाटकांचे पडदे, सेट राख झाले. थिएटर हातचं गेलं. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी दौऱ्यावर असताना ब्रॅडफर्डमध्ये आयर्विंग वारला. त्याच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ठेवल्या गेल्या.

स्टोकर तेव्हा ५७ वर्षांचा होता आणि हातात नोकरी नव्हती. १९०६ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षी त्याचं दोन खंडांचं पुस्तक आलं, तेही आयर्विंगच्या आठवणींचं. तो लिहीत राहिला, पण पैसा पुरेना. शेवटी १९११ मध्ये गरजू लेखकांना मदत करणाऱ्या रॉयल लिटररी फंडाकडे त्याला अर्ज करावा लागला.

२० एप्रिल १९१२ रोजी स्टोकर गेला. टायटॅनिक बुडून पाचच दिवस झाले होते आणि पेपर त्या बातम्यांनी भरलेले होते. जे मृत्युलेख आले, त्यातही आयर्विंगचा मॅनेजर हीच ओळख पुढे होती.

इथून पुढची लढाई फ्लॉरेन्सची. घर चालवायला नवऱ्याच्या पुस्तकांचे हक्क एवढंच तिच्याकडे होतं. १९२२ मध्ये जर्मनीत नॉस्फेरातू नावाचा सिनेमा आला. कथा ड्रॅक्युलाची, नावं बदललेली आणि परवानगीचा पत्ता नाही. फ्लॉरेन्स कोर्टात गेली. कंपनी तोवर बुडाली होती, म्हणून तिने सिनेमाच नष्ट करायची मागणी धरली. १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती जाळायचा आदेश दिला. तरी काही प्रती वाचल्या.

त्या वाचलेल्या प्रतींमुळे एक गंमत झाली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यांवर फिरतो. उन्हात त्याची शक्ती कमी होते, पण तो मरत नाही. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हा नियम रुजला तो नॉस्फेरातूमुळे. रेवनलॉफ्टमध्ये स्ट्राडच्या विरोधात खेळाडू जे शस्त्र शोधतात, त्याचं नाव सनस्वोर्ड, म्हणजे सूर्याची तलवार.

फ्लॉरेन्सने रीतसर परवानगी दिलेलं नाटक १९२४ मध्ये इंग्लंडच्या रंगमंचावर आलं. १९२७ मध्ये ते ब्रॉडवेवर गेलं आणि १९३१ मध्ये बेला लुगोसीचा सिनेमा आला. तिथून काउंट जगभर पोहोचला, अगदी महाराष्ट्रातही. ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, या विचारातून स्टीफन किंगने १९७५ मध्ये सेलम्स लॉट लिहिली आणि त्या कादंबरीवरून नारायण धारपांची लुचाई आली. लुचाई वाचून ज्यांनी रात्री खिडक्या लावून घेतल्या, ते स्टोकरचेच वाचक म्हणायचे.

आता पुन्हा हिकमन जोडप्याकडे. ट्रेसी हिकमन एकदा असाच एक गेम खेळत होता. भुयारातल्या खोल्यांमधून फिरताना इतर फुटकळ राक्षसांच्या रांगेत अचानक एक व्हॅम्पायर निघाला. हा इथे काय करतोय, असा प्रश्न त्याला पडला. ना घर, ना इतिहास, ना इथे असण्याचं कारण. मग त्याने आणि लॉराने त्या व्हॅम्पायरला किल्ला दिला, मारलेला भाऊ दिला, न मिळालेली प्रेयसी दिली. हा स्ट्राड कोपऱ्यात बसून वाट बघत नाही. तो खेळाडूंवर नजर ठेवतो आणि स्वतःच्या सोयीने हल्ला करतो. खेळाडूंना लागणाऱ्या वस्तू किल्ल्यात कुठे आहेत हे भविष्य सांगणाऱ्या बाईच्या पत्त्यांवर ठरतं, म्हणून गेम दर वेळी बदलतो.

यात स्टोकरच्या काळातले दोषही सोबत आले. कादंबरीत भटक्या रोमा लोकांना काउंटचे हस्तक दाखवलं होतं, गेममधल्या व्हिस्तानी जमातीतही तोच साचा उतरला. २०१६ मध्ये कर्स ऑफ स्ट्राड नावाने या साहसाची नवी, मोठी आवृत्ती आली. व्हिस्तानींच्या चित्रणावर टीका झाली, तेव्हा २०२० मध्ये कंपनीने ते चित्रण बदलायचं जाहीर केलं.

बाकी टेबलावरचा मामला स्टोकरला लगेच ओळखू आला असता. वेगवेगळ्या कामाची चार-पाच माणसं आपापल्याकडची माहिती एकत्र मांडतायत आणि त्यांच्यासमोर पडद्याआड नकाशे, नोंदी आणि वेळापत्रक घेऊन एक जण बसलाय. स्वतः हिरो न होता बाकीच्यांची रात्र रंगावी म्हणून तो सगळं सांभाळतो. लायसियममध्ये स्टोकरने २७ वर्षं हेच केलं.

लंडनमध्ये नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीजवळ हेन्री आयर्विंगचा मोठा पुतळा उभा आहे. त्याचा अभिनय पाहिलेलं आज कुणीही जिवंत नाही. त्याचं नाव अजूनही निघतं, आणि बहुतेक वेळा ड्रॅक्युला लिहिणाऱ्या माणसाचा मालक म्हणूनच निघतं.